भोंगा कुणी ऐकला?

१

वारा चढला होता. समोरच्या डोंगरसोंडेवर वारा मोजणाऱ्या मीटरने ते सांगितलं होतं, सर्व्हरने ते ऐकलं होतं, आणि खाली खाचराच्या बांधावर, खांबावर बसवलेला भोंगा वाजलाच नव्हता.

कामशेतच्या पुढे, पवनेच्या अंगाच्या त्या टेकडीवर गंधार त्या वेळी पॅराग्लायडिंगची छत्री पसरून उभा होता. एकट्याने उडायची पहिलीच खेप. भोंगा वाजला असता तर तो खाली बसला असता. वाजला नाही, म्हणून तो धावला. हवेत उचलला गेला न गेला तोच झोताने छत्रीची एक बाजू मिटली आणि गंधार उताराच्या दगडांवर आला. ही रविवारची गोष्ट. आज मंगळवार उजाडला तरी तळेगावच्या दवाखान्यात त्याने डोळे उघडले नव्हते.

ऋचाला यातलं काहीच माहीत नव्हतं. वराळ्यातल्या फ्लॅटमध्ये ती ओवीला पाजत बसली होती. नवरा आंबीच्या कंपनीत पहिल्या पाळीला गेलेला. दारावर थाप पडली. बेल असूनही थाप, आणि तीही तळहाताने, थांबायचं नाव नाही.

दारात एक तरणी बाई उभी होती. पदर कमरेला खोचलेला, पायाला शेतातली माती.

"भोंगा बनवनाऱ्या ताई तुमीच का?"

"हो. का?"

"मी सविता. कैलासची बायकू. टेकडीखाली भोंग्याची राखन करतो ना, त्यो कैलास." तिचा श्वास पुरत नव्हता. "त्याला सकाळधरनं चौकीत बसवलंय. छत्रीचा क्लब चालवनारं त्र्यंबकसर म्हनत्यात भोंगा त्यानंच बंद केलता. सांजच्याला येऊन कागदावर सही करनार हायेत. सही झाली की न्हेत्याल त्याला, ताई."

ऋचाने तिला आत घेतलं, पाणी दिलं, आणि मग सगळं ऐकलं. ऐकताना ओवी कुशीत झोपून गेली तरी ऋचाला जागचं उठवत नव्हतं.

"त्याने केला होता का बंद?"

"न्हाई."

"मग सर असं का म्हणतात?"

"तुमचा सर्व्हर का काय त्यो, त्यो म्हनतोय भोंग्याला निरोप पोचला. निरोप पोचला आन वाजला न्हाई, म्हंजी मानसानं बंद केला. तितं दुसरा मानूसच न्हाई." सविताने ग्लास खाली ठेवला. "ताई, तुमी बनवलाय. तुमीच सांगा की त्यो खोटं बोलतोय."

ऋचाला तेच सांगता येत नव्हतं. तो सर्व्हर खोटं बोलत नव्हता. बाळंतपणाच्या रजेवर जायच्या आधी तिने स्वतः तो तपासला होता.

२

जोडीने भोंगा बनवणाऱ्या रुचिरचं ऑफिस वराळ्यातच, हार्डवेअरच्या दुकानावरच्या मजल्यावर. ऋचा ओवीला झोळीत बांधून जिना चढली. तो तिला बघून उभा राहिला, आणि आनंद दाखवायला त्याला जरा वेळच लागला.

"अरे, ओवी! किती मोठी झाली."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू रजेवर आहेस. उगाच डोक्याला ताप."

"एक मुलगा मरायला टेकलाय, रुचिर. दुसरा चौकीत बसलाय."

रुचिरने स्क्रीन तिच्याकडे वळवली. त्याने दाखवलं ते ऋचाला पाठ होतं. हा वारा आधी समोरच्या सोंडेवर लागतो आणि मग टेकडीवर येतो, म्हणून मीटर तिकडे होतं. वारा हद्दीबाहेर गेला की मीटर सर्व्हरला कळवायचं. सर्व्हरवर बसलेला एक प्रोग्राम तो निरोप भोंग्याच्या डब्याला पोचवायचा. ऑफिसात त्या प्रोग्रामला सगळे 'निरोप्या' म्हणत. तो यांनी लिहिलेला नव्हताच. जगातल्या कुठल्या कुठल्या लोकांनी मिळून लिहिलेला, फुकट, सगळ्यांना खुला. वापरा, धंद्यात वापरा, विका. लिहिणाऱ्यांची नावं मात्र ठेवा आणि तुम्ही त्यात जी भर घालाल तीही अशीच खुली करा, एवढ्याच त्यांच्या अटी.

"हे बघ. मीटरने कळवलं. निरोप्याने पाठवलं. 'शिंग-१'कडून पावती आली, पोचलं म्हणून." 'शिंग-१' हे भोंग्याच्या डब्याचं नाव. "आता राहिलं काय? डब्याला मिळालं, डबा ओरडला नाही. भोंग्याचं बटण कैलासच्या हाताशी असतं. आपण सुटलो, ऋचा."

"आपण सुटलो?"

"म्हणजे, आपली बाजू स्वच्छ आहे."

ऋचाची नजर स्क्रीनच्या तळाशी गेली. जिथे निरोप्या लिहिणाऱ्यांची नावं तिने स्वतः टाकली होती, तिथे आता एकच ओळ होती. संपूर्ण स्वदेशी, आमची स्वतःची निर्मिती.

"ही नावं कुणी काढली?"

रुचिरने स्क्रीन पुन्हा स्वतःकडे ओढली. "गिऱ्हाइकाला काय करायचंय नावांशी? फुकटात मिळतं म्हटलं की हजार प्रश्न विचारतात."

"त्र्यंबकसरांना तू सांगितलंस, सगळं तू लिहिलंस?"

"हळू बोल, बाळ उठेल." तो खिडकीपाशी गेला. "तू हे खणत बसू नकोस. खणशील तर कैलास सुटणार नाही, आपण मात्र बुडू. आणि तो निर्दोष आहे असं तुला सांगितलं कुणी? बायकोने? विक्कीला विचार. गाडीवाला विक्की. गंधार पडायच्या जरा आधी कैलास खांबावर चढलेला होता. बटणावर हात होता त्याचा. विक्कीने डोळ्यांनी पाहिलंय."

३

"पाहिलं ना मॅडम. खोटं कशाला बोलू?"

विक्की उडणाऱ्यांना टेकडीवर नेण्या-आणण्याचं काम करायचा. सविताने त्याच्या दारात जाऊन आरडाओरडा केला म्हणून तो आपली इको व्हॅन घेऊन आला होता. सविता मागे बसली होती आणि त्याच्या मानेकडे असं बघत होती की तो सारखा कॉलर वर करत होता.

"वैनी, असं बघू नका. मी काय त्याच्या वाइटावर नाय. पोलिसांनी पूछा, मी बताया."

"म्हशीचं बी तूच बताया आसंल."

"कसली म्हैस?" ऋचाने विचारलं.

विक्कीला हसू आवरेना. "दिवाळीच्या टायमाला म्हैस व्यायला झाली यांची. भोंगा वाजला की म्हैस बिथरायची. याने काय केलं, सरळ भोंगाच बंद! वर आम्ही पोरांना घेऊन उभे. सरांनी असला झापला, असला झापला..."

"रेडकू आडलं हुतं," सविता म्हणाली. "आन त्या दिवशी वारा तरी हुता का?"

म्हणजे त्याने एकदा बंद केला होता, हेही खरं. ऋचाने ओवीच्या टोपीची गाठ उगाचच सोडून पुन्हा बांधली.

"मॅडम, एक सांगू? गंधारची आई दवाखान्यात सगळ्यांना म्हणतीये, भोंगा वाजला, भोंगा वाजला. आता बोला. आम्ही तिथे उभे, आम्हाला कुणाला ऐकू नाय आला. ती लोणावळ्याला घरी. बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय." विक्की आता हसत नव्हता. "एकुलता एक आहे."

कामशेतच्या चौकीत बाकड्यावर कैलास बसला होता. रुंद खांद्यांचा गडी, पण बाकड्याच्या टोकाला असा टेकला होता की जणू कुणी येऊन ऊठ म्हणेल. हवालदारांनी ओवीकडे बघितलं आणि मान हलवली. बोला, पण लवकर.

"कैलास, तू बटणाला हात लावला होतास?"

"न्हाई."

"विक्कीने पाहिलं."

सविता पुढे झाली. "सांग की रं! ही बाई लेकरू घिऊन आलीया तुज्यासाटी!"

"लावला," तो म्हणाला.

सविताने तोंडावर पदर धरला.

"लावला हात. पर बंद करायला न्हाई. त्या डब्याचा हिरवा दिवा येड्यावानी करत हुता सकाळधरनं. लागायचा, जायाचा. लागायचा, जायाचा. मला सांगितलेलं की दिवा लागलेला पायजे, तर भोंगा जित्ता. मग मी वर चढलो, बंद केलं, परत चालू केलं. टीव्हीला करतो तसं. दिवा लागला. खाली उतरलो तर परत गेला. आन तेवढ्यात वर..." त्याने बाकड्याची कड धरली. "मी म्हनलं, मीच काय तरी बिगाडलं. म्हनून बोललो न्हाई."

"सरांना दिव्याचं सांगितलंस का?"

"कवा सांगनार? छत्रीत गुंडाळून खाली आनला त्याला आमी."

ऋचाने सविताकडे वळून विचारलं, "तो दिवा आता कसा आहे? तुमच्या घरावरून दिसतो ना खांब?"

सविताने डोळे पुसले. "आजबी तसाच करतोय. सकाळीच बघितला म्यां."

४

खाचरात कापलेल्या भाताची खुंटं उभी होती. खांबाखाली मान वर करून ऋचा उभी राहिली. हिरवा दिवा लागला. तिने ओवीच्या पाठीवर हलके थोपटायला सुरुवात केली. थोड्या वेळाने दिवा विझला. पुन्हा लागला. पुन्हा विझला.

डबा सर्व्हरशी जोडलेला असेल तोवरच हा दिवा लागायचा. डब्याची बॅटरी भरलेली होती. मोबाइलचं नेटवर्क भक्कम होतं. वायर सुटलेली असती तर दिवा कसाही फडफडला असता. हा तर एका लयीत चालला होता. जणू कुणी याला आत घेतंय, मग मानगूट धरून बाहेर काढतंय, आणि हा बिचारा जरा थांबून परत दार वाजवतोय.

ती खाचराच्या बांधावर मटकन बसली.

निरोप्याचा एक नियम होता. त्याच्याकडे एका नावाचा एकच डबा. त्याच नावाचा दुसरा आला, तर तो आधीच्याला बाहेर काढतो आणि नव्याला आत घेतो. कोण कुठल्या गावचा, खांबावर आहे की कपाटात, हे त्याला कळत नाही. त्याला फक्त नाव कळतं.

'शिंग-१'ला निरोप पोचला, हे खरं होतं. कुठल्या 'शिंग-१'ला, हे कुणी विचारलंच नव्हतं.

तिने रुचिरला फोन लावला. "दुसरा डबा कुठे आहे?"

"कसला दुसरा?"

"शिंग-१ नावाचे दोन आहेत. दोघं एकमेकांना ढकलतायत. तू लोणावळ्याच्या हॉटेलात नव्या गिऱ्हाइकांना दाखवणार होतास ना? तिथे चालू केलास का?"

"देवाशपथ नाही. ते पुढच्या महिन्यात आहे." रुचिर खरंच घाबरला होता. "ऋचा, ऐक. आपण भोंग्याचा कोड खुला ठेवला ना, निरोप्याच्या अटीसाठी. तू रजेवर गेल्यावर त्यात नमुन्याची सेटिंग टाकायची राहिली होती. मी घाईत खांबावरच्या डब्याचीच टाकली. नाव, सर्व्हरचा पत्ता, सगळं."

"पासवर्ड?"

"तेवढा नाही टाकला."

म्हणजे कोड जगातल्या कुणीही उतरवून घेतला असता, नाव बदलायचं विसरला असता. पण दार उघडायला पासवर्ड लागणारच.

"पासवर्ड कुणाकुणाकडे आहे?"

"तू. मी. आणि..." तो थांबला. "क्लबच्या वेबसाइटवर वाऱ्याचे आकडे दिसतात ना, ते पान जो सांभाळतो त्याच्याकडे."

"कोण सांभाळतो?"

"गंधार," रुचिर म्हणाला.

५

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर काचेच्या दारासमोर त्र्यंबकसर येरझाऱ्या घालत होते. गंधार त्यांच्या बहिणीचा मुलगा. दाढी वाढलेली, अंगावर रविवारचंच जाकीट. बाहीला वाळलेला डाग.

"तुम्ही कशाला आलात? कैलाससाठी?" त्यांनी आवाज खाली ठेवला होता, पण तो फाटत होता. "मीच त्याला हात धरून टेकडीवर नेला. मीच म्हटलं, जा, मामा आहे खाली. आणि एका म्हशीसाठी भोंगा बंद करणाऱ्या माणसावर मी विश्वास टाकला. तुमचंच यंत्र सांगतंय ना? की आता ते खोटं?"

"खोटं नाही सर. मला गंधारच्या आईशी बोलायचंय फक्त."

सरोजिनीबाई बाकावर ताठ बसल्या होत्या. लोणावळ्याच्या शाळेत गणित शिकवायच्या. केस नीट विंचरलेले, हातात कुणाची तरी न उघडलेली पाण्याची बाटली. ओवीला बघून त्या सरकल्या.

"बस. मान धरते का?"

"धरते. पालथी पडते आता."

"गंधार फार लवकर पालथा पडला होता. पलंगावरून खालीच आला एकदा." ओवीने त्यांचं बोट पकडलं, ते त्यांनी तसंच राहू दिलं.

"काकू, तुम्ही म्हणता भोंगा वाजला."

"वाजला. मला वेडी ठरवलंय या लोकांनी. मी ऐकला."

"ताई, तू तिथे नव्हतीस गं," त्र्यंबकसर कळवळून म्हणाले.

"कुठे ऐकलात, काकू?"

"घरी. ओट्याशी." त्या ओवीकडे बघत सांगू लागल्या. "खांबावरच्यासारखा मोठा नाही. पिपाणीसारखा. मी गंधारला एकट्याने उडू देत नव्हते. आठवडाभर भांडण. शेवटी रविवारी सकाळी एक डबी घेऊन आला, मिक्सरच्या शेजारी प्लगला लावली. म्हणाला, आई, हे वाजलं की समज, वारा चढला आणि आम्हाला सगळ्यांना खाली बसवलं. मग काळजी करायची नाही. मी म्हटलं, बरं, जा." त्यांनी एक श्वास घेतला. "दुपारी वाजलं. मी म्हटलं, चला, बसला खाली. इतकं हलकं वाटलं मला. चहा ठेवला."

ऋचाने ओवीला छातीशी ओढून घेतलं.

सरोजिनीबाईंनी मान वळवली. "तुझा चेहरा असा का झाला?"

६

"ओवीचा लंगोट बदलून येते," असं काहीतरी पुटपुटत ऋचा बाहेरच्या पॅसेजमध्ये आली आणि भिंतीला टेकली.

आता सगळं कळलं होतं आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. आईची भीती घालवायला मुलाने डबी बनवली. कोडमधल्या नमुन्यातलं नाव बदलायचं राहिलं. डबी आत आली की खांबावरचा डबा बाहेर, खांबावरचा आत आला की डबी बाहेर, सकाळभर हेच. वारा चढला त्या क्षणी आत होती ती ओट्यावरची डबी. निरोप तिला मिळाला. ती वाजली, तिने पोचल्याची पावती दिली, आणि पावती मिळाल्यावर निरोप्या कशाला पुन्हा पाठवेल?

गप्प राहता आलं असतं. सर्व्हरवर काहीतरी बिघाड म्हणून सांगता आलं असतं. पण त्र्यंबकसरांना 'काहीतरी' चालणार नव्हतं. त्यांच्याकडे पावती होती, आणि पावतीचं उत्तर एकाच घरात होतं.

फोन वाजला. सविता. "ताई, हवालदार म्हनत्यात सायेब आल्यात, सर आलं की लगीच कागद करू. सर निघालं का? ताई, काय तरी बोला की."

खिडकीबाहेर ऊन भिंतीवर चढत चाललं होतं. ओवी आईच्या गळ्यातली साखळी तोंडात घालून चोखत होती. हिने असं काही केलं असतं तर, ऋचाच्या मनात आलं, मला ऐकायचं असतं का? तिने साखळी हळूच सोडवली. ओवीने भोकाड पसरलं. तिला खांद्यावर घेऊन ती परत आत गेली आणि सरोजिनीबाईंसमोर खाली फरशीवरच बसली.

तिने सगळं सांगितलं. शब्द मऊ करायचा प्रयत्न केला, पण ते मऊ होत नव्हते.

त्र्यंबकसर मध्येच ओरडले, "काय बोलताय तुम्ही! आईला..."

"त्र्यंबक, थांब." सरोजिनीबाईंच्या तोंडावर रंग उरला नव्हता. त्यांनी एकदा काचेच्या दाराकडे बघितलं. मग वर्गात म्हणावं तशा म्हणाल्या, "सिद्ध करून दाखव. नुसतं म्हणू नकोस."

"त्यासाठी तुमच्या घरी जावं लागेल, काकू. मी एकटी जाऊन येते. तुम्ही इथे..."

"आत कुणाला सोडत नाहीत. मी इथे बसून तरी काय करते? त्र्यंबक, तू खांबापाशी जा. तिथूनच मला फोन कर."

"ताई, मला चौकीत..."

"चौकी नंतर. आधी खांब."

तळेगावहून लोणावळ्याला जाणाऱ्या लोकलमध्ये दोघी एका बाकावर बसल्या. ओवी रडून रडून झोपली होती. कामशेत गेल्यावर सरोजिनीबाईंनी तिचा निसटलेला मोजा पायात घातला.

स्वयंपाकघराचं दार उघडलं तेव्हा आंबूस वास आला. गॅसवर रविवारचा चहा तसाच होता, वर जाड साय धरलेली. फोन आल्यावर गॅस बंद करून त्या धावल्या होत्या. मिक्सरशेजारी काड्यापेटीएवढी पांढरी डबी, तिला हिरवा ठिपका.

ठिपका लागला. विझला.

फोन स्पीकरवर होता. खाचरातला वारा ऐकू येत होता.

"दिवा काय करतोय, त्र्यंबक?"

"लागला," तिकडून आवाज आला. ओट्यावरचा ठिपका विझलेला होता.

ठिपका लागला.

"गेला," त्र्यंबकसर म्हणाले.

ठिपका विझला.

"लागला परत." आता त्यांचा आवाज बदलला होता. "ताई, तुझ्याकडे काय होतंय?"

सरोजिनीबाई ओट्याला हात टेकून ठिपक्याकडे बघत होत्या आणि तिकडून येणारं 'गेला', 'लागला' ऐकत होत्या. एकदाही दोन्ही दिवे बरोबर लागले नाहीत. ऋचाने प्लगकडे हात नेला.

"नको. मी काढते."

त्यांनी डबी प्लगमधून उपटली.

"लागला," त्र्यंबकसर म्हणाले. गल्लीतून भाजीवाल्याची हाक आली आणि गेली. "लागलेलाच आहे. ताई... लागलेलाच आहे. जात नाही आता."

"कैलास खोटं बोलत नव्हता रे," त्या म्हणाल्या. "चौकीत फोन कर. आत्ता. मी येतेय तिथे, म्हणावं, जे काय लिहायचं ते माझ्याकडून लिहून घ्या."

फोन ठेवून त्यांनी चहाचं भांडं उचललं, मोरीत ओतलं आणि नळ सोडला. पाणी वाहत राहिलं. ऋचाने पुढे होऊन नळ बंद केला, तेव्हा त्यांनी तिचा दंड इतका घट्ट धरला की ओवी जागी झाली.

त्या कामशेतला उतरल्या तेव्हा उजेड होता. ऋचाच्या फोनवर रुचिरचा निरोप आला होता. पासवर्ड बदलला, नमुन्यातलं नाव काढलं, लिहिणाऱ्यांची नावं परत टाकली, सरांना खरं सांगतो. तिने वाचून फोन आत ठेवला. पुढे चौकीसमोर विक्कीची इको लागलेली दिसत होती.

पायऱ्यांवर कैलास उभा होता, शेजारी सविता. त्र्यंबकसर त्याच्याशी काहीतरी बोलत होते, मान खाली घालून. बोलता बोलता त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. कैलास अवघडून गेला. सरोजिनीबाईंना बघून त्याने तो सोडवून घेतला आणि पायऱ्या उतरून आला.

"कैलास, ते माझ्या घरातून झालं," त्या म्हणाल्या. "तुझा काही..."

"मावशी, गंधारभाऊ उठलं का?"

त्यांनी मान हलवली. "नाही रे अजून."

"सरांनी सांगितलं समदं." तो चपलेने माती उकरत होता. "एक बोलायचं हुतं तुमाला. कुनाला बोललो न्हाई अजून. खाली आनल्यावर त्याचं डोकं माज्या मांडीवर हुतं. सुद हुती तवा. मला वळखलं त्यानं. म्हनला, कैलास, आईला लगीच सांगू नको. घाबरंल ती." त्याची चप्पल मातीत थांबली. "मी व्हय म्हनलो. मग झोपला."

रविवारपासून त्या रडल्या नव्हत्या. तिथे रस्त्यात, रिक्षावाले बघत असताना, त्या उभ्या उभ्या वाकल्या आणि त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला की ऋचाने ओवीचा कान आपल्या छातीशी दाबून धरला. सविताने त्यांना कमरेतून आधार दिला.

"घाबरंल म्हणाला," त्या म्हणत राहिल्या. "घाबरंल म्हणाला मला."

"मावशी, मग हितं कशाला थांबायचं?" कैलास म्हणाला. "त्यो तितं एकला हाय. चला."

त्याने इकोचं दार सरकवून त्यांना आत बसवलं. विक्कीने गाडी चालू केली.

"दार जोरात वढा मावशी," कैलास त्यांच्या शेजारी बसत म्हणाला. "त्ये नीट लागत न्हाई."